हरकत क्रमांक एकशे चौदा

सुनावणी अकराला होती, सुरू झाली साडेबाराला.
विभागीय कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर
प्लास्टिकच्या खुर्च्या, निम्म्या शेजारच्या लॉन्सवरून मागवलेल्या,
पाठीवर अजून ‘शुभमंगल’.

भिंतीवर आमच्या प्रभागाचा आराखडा.
पिवळं म्हणजे राहायचं, हिरवं म्हणजे खेळायचं,
आणि पाथर्डीच्या अलीकडे, नाल्याच्या कडेला,
जिथे पोरं रोज विटांचे स्टंप लावतात
तिथे हिरव्यावर चिकटवलेला एक निळा चौकोन:
वाणिज्य संकुल.

वत्सलाबाई धात्रक उठल्या. पिशवीतून फोटो काढले.
‘गॅसची टाकी तरंगत होती साहेब, पाळण्यासारखी.
ओट्यापर्यंत पाणी. आता त्याच्यावर आणखी तळघर खोदणार?’
रंभाजी थेटे बसूनच बोलले:
‘आरक्षण टाकलं तेव्हा बाग होती माझी. थॉमसन.
बाग मोडली, मैदान झालं नाही, मोबदला आला नाही.
एकवीस वर्षं मी हिरवा रंग सांभाळतोय.
तुम्हाला खेळायला जागा पाहिजे, मला काय पाहिजे ते कोण लिहून घेणार?’
त्यावर कुणी काही बोललं नाही.
साहेबांनी चहाच्या कपावर बशी झाकली.
‘मुद्द्याचं बोला. एकशे चौदा कोण?’

एकशे चौदा मी.
निवृत्त अनुरेखक, नगररचना. एकतीस वर्षं
दुसऱ्यांनी आखलेलं गिरवलं.
आता सगळं संगणकावर, रंगही नवे,
पण नाल्याची ती रेघ मी दारातूनच ओळखली,
जुन्या पाकिटावर आपलं अक्षर ओळखावं तशी.

खरा नाला तिथे सरळ नव्हता.
बाभळींपाशी कोपर वाकवून
तो थेट्यांच्या बांधाला खेटून जायचा.
एका संध्याकाळी तेव्हाचे साहेब म्हणाले,
‘हे वळण जरा सरळ घ्या, रस्ता नीट बसत नाहीये.
चार मिलिमीटर. हरकत नाही ना?’
लाच वगैरे काही नाही. पोह्यांची ताटली आली होती,
ती रोजच यायची.
मी म्हणालो, हरकत नाही.
ब्लेडनं जुनी शाई खरवडली,
नखानं कागद गुळगुळीत केला,
पट्टी ठेवली, पेन ओढलं.
एकास अडीच हजार. चार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर.
सुंदर आली होती रेघ. साहेब म्हणाले, वा.

नाल्याला मात्र कुणी नोटीस बजावली नाही.
तो दर दोन-तीन वर्षांनी
जुन्या पत्त्यावर येतो,
आणि त्या पत्त्यावर आता वत्सलाबाईंचं स्वयंपाकघर आहे.

हे सगळं मी बोललो नाही.
बोललो ते एवढंच: ‘रेघ चुकली आहे.’
‘कोणाची?’
‘माझी.’
कारकुनानं फॉर्म उलटसुलट केला.
हरकतदाराचा हितसंबंध, या रकान्यात
त्यानं शेवटी लिहिलं: रहिवासी.
‘मूळ ट्रेसिंग काढा,’ मी म्हणालो,
‘उजेडासमोर धरा, खरवडल्याचं दिसेल.’
‘ते आता मिळायचं नाही काका. बघतो. पुढचे, एकशे पंधरा.’

संध्याकाळी फक्कीची पिशवी घेऊन मैदानावर गेलो.
बाभळी नाहीत. थेट्यांचा बांध मात्र
गवताखाली पायाला लागतो अजून.
तिथून सुरुवात केली.
पट्टी नाही, हात कापतो,
रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली,
खेळपट्टी ओलांडून, कोपर वाकवून,
वत्सलाबाईंच्या कंपाउंडपर्यंत.

पोरं थांबली. एकानं विचारलं,
‘काका, हिच्या पुढे चौका?’
म्हटलं, हिच्या पुढे पाणी.
त्यांनी आपसात काहीतरी ठरवलं
आणि बॉल टाकला.
पहिलाच रेघेवरून गेला.
अर्धे म्हणाले चौका, अर्धे म्हणाले नाही.