छाट

आमच्याकडे घड्याळ होतं, पण अम्मा वेळ
कट्ट्यांत मोजायची.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा, तासाला चार.
मिल बंद पडली तेव्हा भोंगाही गेला,
तेव्हापासून अख्खी गल्ली
कुणाच्या ना कुणाच्या सुपावरून वेळ विचारायची.

शनिवारी सात वाजता अंबादासला नेलं.
कारखान्यातून सुताचे कोन गेले होते,
आणि मागच्याच आठवड्यात तो शेठला
बोनसचं विचारून बसला होता.
नेणाऱ्यांनी कागद दाखवला नाही.
"चौकशी आहे," म्हणाले,
जशी लग्नाची करतात तशी.

मी आठवीत. नागरिकशास्त्र वीस मार्कांचं,
सर म्हणायचे, हा धडा परीक्षेला येत नाही.
त्याच धड्यात एक चौकट होती, मी ती अम्माला
आधी मराठीत वाचली, मग तेलुगूत सांगितली:
धरलं तर का धरलं ते सांगावं लागतं.
वकील भेटू द्यावा लागतो.
आणि न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं.
"एन्नि गंटलु?"
चोवीस तासांत.
अम्मानं बोटं मोडली. म्हणाली,
शहाण्णव कट्टे. न झोपता.

एवढी पानं घरात नव्हती.
हुसेनबीनं तिची भिजवलेली पानं दिली, तंबाखूही दिला,
हिशेब नंतर बघू म्हणाली.
अम्मा ठाण्याच्या पायरीवर बसली,
मांडीवर सूप, शेजारी मी,
माझ्या मांडीवर पुस्तक, बोट त्याच चौकटीवर.

रात्री हवालदार म्हणाला, मावशी, घरी जा.
तिनं कात्रीनं पान कापलं.
पहाटे म्हणाला, इथं धंदा करायला बंदी आहे.
तिनं दोरा गुंडाळला.
दुपारी साहेब आले. बावन्न? नाही, अडुसष्ट झाले होते.
साहेब म्हणाले, आज रविवार, कोर्ट बंद.
आणि प्रवासाचा वेळ चोवीस तासांत धरत नाहीत.
अम्मा पहिल्यांदा मराठीत बोलली:
"कोर्ट त्ये काय, दिसतंय की हितनं.
मुंबईस्नं आणलाय व्हय माझा पोरगा?"
चहावाला हसला, मग घाबरून
ग्लास विसळू लागला.

एक्याण्णवाव्या कट्ट्याला जीप निघाली.
आम्ही मागून रिक्षात.

न्यायाधीश बाई घरीच होत्या.
पायात सपाता, ओले केस,
आतून फोडणीचा वास.
तुळशीशेजारी खुर्ची टाकून त्यांनी विचारलं,
पोलिसांविरुद्ध काही तक्रार?
भाऊ गप्प. साहेबही गप्प, पण वेगळे.
बाईंनी पेन उघडलं नाही. वाट पाहिली.
मग अंबादासनं चप्पल काढली
आणि देवळात पाय दुमडतात तसा
तळवा वर केला.

बाईंनी पेन उघडलं.

पुढचं सगळं चांगलंच झालं असं नाही.
खटला चार वर्षं चालला, नोकरी गेली ती गेली.
पण त्या रात्री तो सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर झोपला,
आणि डॉक्टरानं तळव्यांचं माप
सेंटिमीटरमध्ये लिहिलं.

सोमवारी अम्मा माल द्यायला गेली.
चेकरनं कट्टे फोडले, चाचपले,
ठाण्यात हात थरथरला होता तेवढ्या विड्या
बाजूला सारल्या. छाट.
छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही,
ती जाते कारखान्यातच, बायकांना माहीत असतं कुठे.
तीस वर्षं अम्मानं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.
"का छाटल्या, सांग," ती म्हणाली.
चेकरनं चष्म्यावरून पाहिलं.
"सांगायचं नसंल तर परत दे. माझ्या हैत."
रांगेतल्या बायका पुढे सरकेनात.

त्या दिवशी त्यानं दिल्या नाहीत.
पुढच्या आठवड्यात चार दिल्या,
न बोलता, पासबुकाखाली सरकवून.

माझ्याकडे ते पुस्तक अजून आहे.
उघडलं की त्या पानावर
शिंक येते.