सोळा नंबरची वही

दिगंबरकाकांच्या वह्या लाल बासनात असतात,
रामकुंडाकडून चौथ्या ओट्यावर.
गाव सांगा, आडनाव सांगा.
काका जिभेला बोट लावतात
आणि तुमचे खापरपणजोबा
शाई फुटलेल्या मोडीत
सही करून बसलेले सापडतात.

मी त्यांच्या भावाची मुलगी.
मीही वह्याच सांभाळते,
गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
उणे ऐंशीच्या फ्रीजरशेजारी.
काकांचे यजमान दक्षिणा देतात.
माझे यजमान बाकावर बसून असतात,
हातात केसपेपर,
आणि पाहुणा त्यांच्या आत.

पाहुण्याचा नंबर सोळा.
जेमतेम आठ हजार अक्षरं, गोल,
बांगडीसारखी, सुरुवात नाही, शेवट नाही.
यालाही घराणी आहेत. थोरली चार,
मग पाती, पोटपाती.
माणसं डोंगर उतरली, हा उतरला.
माणसांनी बिऱ्हाड केलं, यानं केलं,
आणि दर बिऱ्हाडागणिक
एखादं अक्षर इकडचं तिकडे.

एका अक्षरानं काय होतं, काका?
"एका मात्रेनं दत्तक मुलगा सख्खा ठरला होता,
देवळालीची जमीन गेली."

तुळसाबाई भोये, वय त्रेचाळीस,
सुरगाण्याकडच्या. पहाटेच्या एसटीनं
निमाणीला उतरलेल्या.
फॉर्मवर रकाना : वंश.
दोन इंच.
त्यांनी आधी जात सांगितली,
कमरेची पिशवी सोडून दाखला काढावा तशी.
मी म्हटलं, नको. आईचं गाव?
"माय पिंपळसोंडची.
तिची माय बाऱ्ह्याची.
तिची पल्याडची, धरमपूरकडची.
तिची कुणी पाहिली?
पण नाकात चांदीची मोरणी होती म्हणतात."

चार बायका, एका दमात.
आमच्या वह्यांत बायका
नवऱ्याच्या कडेला 'सौ.' पुरत्या उभ्या.
संध्याकाळी ओट्यावर गेले :
भोयांचं पान?
काकांनी तीन बासनं सोडली.
"तिकडचं नाही गं आपल्याकडे."
नंतर बराच वेळ
उपरण्यानं चष्मा पुसत राहिले.

रिपोर्टच्या दिवशी तुळसाबाईंनी विचारलं,
"शेजारच्या इमलीलाही हाच होता ना?
तिचा गेला. माझा का राहिला?"

बहुतेकींचा जातो, बाई,
वर्षा-दोन वर्षांत, आला कधी ते न कळता.
काहींचा राहतो.
थोडं त्याच्या कुळीवर असतं.
थोडं तुमच्या पेशींच्या दाराशी
राखणीला कोण बसलंय त्यावर,
आणि ती राखण मायेच्या मायेकडून आलेली,
बापाच्या बापाकडूनही.
कुठे असंही लिहिलंय
की पाहुणा आणि यजमान फार जुने ओळखीचे असले
तर पाहुणा लवकर उठत नाही.
कुठे लिहिलंय, अजून नक्की नाही.
आणि थोडं
(हे कुठल्याच रकान्यात बसत नाही)
नाशिक किती लांब आहे, त्यावर.

"म्हणजे माझ्या मायांचा दोष?"

मी नाही म्हटलं.
इतक्या पटकन म्हटलं
की त्याच हसल्या,
माझ्या हातावर थोपटल्यासारखं करून.

पुढच्या शुक्रवारी सुनेला घेऊन आल्या.
स्वतःचा हात शिरेच्या सुईनं निळा पडलेला,
त्याच हातानं तिला पुढे ढकललं :
हिचं बघा. आत्ताच बघा.

संगणकावर यादी उघडली :
आफ्रिकी, युरोपीय, पूर्व आशियाई, इतर.
कर्सर 'इतर'वर लुकलुकत राहिला.
मी केसपेपर उलटा केला
आणि पेननं लिहायला घेतलं.
आधी सासूचं, राहिलेलं :
पिंपळसोंड. बाऱ्हे. धरमपूर. मोरणी.

मग सुनेला विचारलं, तुझी आई कुठली?

तिनं सासूकडे पाहिलं.
मग पदराआड
बोटं मोजायला लागली.