नऊशे, अठराशे, एकवीसशे

उपाध्यांच्या कोल्ड स्टोरेजवर तो डबा मीच बसवला होता.
कवठेमहांकाळच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताला.
आत बेदाण्याचे चौदा हजार बॉक्स
आणि चार डिग्रीत, स्वेटरवर ओढणी गुंडाळून
ते मोजणाऱ्या बाया.
पत्र्याच्या दोन थरांत वीतभर फोम:
त्या भिंतीतून उन्हाळा आत येत नाही,
‘हॅलो’ कुठून येणार?

माशाच्या काट्यासारखा अँटेना वर चढवला,
तोंड दंडोबाच्या अंगाच्या टॉवरकडे.
भूपालअण्णा खालून फोन धरून ओरडत होते,
“अजून जरा डावीकडं... हां, दोन काड्या... थांब, थांब, चार!”
त्या दिवशी रत्नाक्काने तिसऱ्या चेंबरमधून
जतला बहिणीला फोन लावला
आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून
बेदाण्याचा भाव सांगितला.

बारा वर्षं झाली.
आता अण्णांचा नातू पार्श्व नवा फोन घेऊन येतो.
गेटाबाहेर भरून काड्या, शेजारी पाचाचा आकडा;
दार लोटून आत गेला की कोरा.
“काका, तुमचा डबा मेला.”
मी शिडी लावली.
मेला नव्हता. हिरवा दिवा चालू, अंग कोमट,
स्टिकरवर माझ्याच हाताची धूळ:
नऊशे, अठराशे, एकवीसशे.
एवढंच शिकवून पाठवलं होतं त्याला.
नवा टॉवर बोलतो तेहतीसशेच्या वर;
याच्या लेखी तिकडे कुणी तोंडच उघडत नाही.

मी मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे होतात,
सोल्डरकडे वळलेला मी एकटाच.
बाबालालचाचा घोडीवर दोरा सरकवत म्हणायचे,
जवारीने आवाज उघडतो रे,
पण जी तार ओढलीच नाही
तिचा सूर मी कुठल्या भोपळ्यातून काढू?
लोक म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून.
इथे आड काठोकाठ भरलाय
आणि पोहऱ्याला नव्या पाण्याची ओळख नाही.

पार्श्वला पटलं नाही. “याच्याहून मोठा बसवा.”
मोठा म्हणजे काय, बाळा?
जे ऐकू येत नाही
ते दुप्पट जोराने ऐकू येणार नाही.

मग एका मंगळवारी पांढऱ्या जीपमधून एक बाई उतरल्या,
हातात छोटा अँटेना, कानांवर हेडफोन,
द्राक्षबागांमधून माग काढत आलेल्या.
छताकडे बोट केलं.
“हा कधीपासून ओरडतोय?”

ओरडतोय?
वाऱ्याने काटा फिरला होता.
आतला आवाज बाहेर, तोच पुन्हा आत,
स्वतःचंच ऐकत, स्वतःलाच वाढवत,
आणि त्या गलक्यात टॉवरला
पलीकडच्या तीन वस्त्यांच्या हाका ऐकू जात नव्हत्या.
खोत वस्तीवर महिनाभर फोन मध्येच तुटत होते.
लोक कंपनीला शिव्या देत होते,
कंपनी डोंगराला.
“आणि परवाना?” बाईंनी विचारलं.
मी पान्हा काढला.

डबा खाली आला
आणि बंद पडला एकाच माणसाचा फोन.
महालिंग, रातपाळीचा वॉचमन, बटणांचा फोन,
नऊशेवर इमानदारीने चालणारा.
रोज दहाला विजापूरहून मुलगी करायची,
तो आत वजनकाट्यापाशी बसून बोलायचा.
दोन-तीन बटणं दाबून पाहिली,
“मग काय, भायेर बसतो,” म्हणाला,
खुर्ची उचलली.

दहाला मी तिथंच होतो, वायरी गुंडाळत.
दंडोबाकडे लाल दिवा उघडझाप करत होता.
फोन वाजला.
कानडीत काहीतरी बोलून तो हसला,
मग फोनवर तळवा धरून मला म्हणाला,
“इचारतीय, आज मागनं रातकिडं कसं ऐकू येत्यात?”

डबा माझ्या मांडीवर होता.
अजून कोमट.