कुडचड्याला, पेडल दुरुस्तीला

शनिवारी चांदरला लग्नाचं रिसेप्शन,
आणि गुरुवारी पेडल खरखरायला लागलं.
टोनचं बटण फिरवलं की
पत्र्यावर कुणी वाळू ओततंय.

स्टेशनामागे आग्नेल फुर्तादचं दुकान.
सव्वीस वर्षं तो बार्जच्या इंजिनापाशी होता,
सावर्ड्याहून खनिज भरून मुरगावला.
खाणी थांबल्या, बार्ज काठाला लागली,
आणि त्याने मिक्सर, पंखे, अँप्लिफायर उघडायला घेतले.

चार स्क्रू काढून त्याने झाकण पालथं ठेवलं,
त्यातच स्क्रू टाकले.
“हांगा पळे, बाय.”
बटणाखाली नालेच्या आकाराचा काळा पट्टा, कार्बनचा,
त्यावरून सरकणारं पितळेचं इवलं बोट,
आणि पट्ट्यावर आमच्याच गावची तांबडी धूळ.

अकरा वर्षं वाजवतेय, कधी विचारलं नव्हतं,
ते विचारलं: हे बटण करतं तरी काय?
मला वाटायचं, उजवीकडे नेलं की धार घालतं,
आमटीत तिरफळं घालावीत तसं.

“घालत काहीच नाही,” तो म्हणाला.
“तू पाठवतेस तेवढंच याच्याकडे.
डावीकडे नेलंस की त्यातलं वरचं वरचं
या पिवळ्या कपॅसिटरमधून अर्थाला जातं.
जाड स्वर या फटीतून जात नाही.
बारीक तेवढा निसटतो.”

अर्थाला जातं.
वायरमनचा शब्द, घरात शंभरदा ऐकलेला,
त्या दुपारी मात्र मराठीच्या तासाला बसल्यासारखा ऐकला.
नखाचं टक्, तारेवरून बोट घसरल्याची शीळ,
पट्टीवर तार आपटल्याची किणकिण,
असलं सगळं अर्थाला जातं,
आणि उरतं ते छातीच्या फासळ्यांना लागतं.

मग मी माझी युक्ती दाखवली,
बाजूची तीन बटणं: खालचं भरपूर, वरचं भरपूर,
मधलं पार शून्यावर.
खोलीत एकटी वाजवते तेव्हा देवळाएवढं मोठं वाटतं.
“आणि बँडमध्ये?”
बँडमध्ये मी ऐकूच येत नाही.
“कशी येशील? खालचं ड्रमवाला खातो,
वरचं गिटार आणि वाढप्यांची भांडी.
माणूस बोलतो ती जागाच तू काढून टाकलीस.”

स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पट्ट्यावरून फिरला, तांबडा झाला.
एक सुटलेली वायर होती, तिला डाग दिला.
राळेचा धूर त्याच्या चष्म्यावर.
मग म्हणाला, वाजव,
आणि स्पीकरच्या पेटीवर तळवा टेकून
बटण सावकाश उजवीकडे नेत राहिला.

पार टोकाला. कानात सुई.
दारातली मांजर उठून गेली.
“आयकूं येता?”
काय?
“वरची शीळ. येते ना? मला नाही येत.
चार हजाराच्या पलीकडचं इंजिनाने नेलं.
नात पुस्तक वाचते, तिचे स आणि श
मला ओठांवरून ओळखावे लागतात.”

सव्वीस वर्षांचं वरचं वरचं जुवारीच्या पाण्यात गेलं.
त्याला अर्थाला गेलं म्हणावं का,
मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

“तर कुठे थांबू ते तू सांग.”
मी ऐकत राहिले, तो परत येत राहिला
सूत-सूतभर.
थांब, म्हटलं.
त्याने तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला,
नातीच्या बाटलीतला, जांभळा.

शनिवारी बटण ठिपक्यावर होतं.
तिसऱ्या गाण्याला नवरीच्या आतेने,
सत्तरीच्या असतील, खुर्चीवरून टाच हलवायला सुरुवात केली,
ड्रमच्या ठोक्यावर नाही, त्याच्या जरा मागे,
जिथे मी होते तिथे.

पावती केसच्या खिशात राहिली होती.
टोन: धूळ. दीडशे रुपये.
आणि खाली, त्याच पेनने, वाकडंतिकडं:
मधलें दवर.