पाणी कुठे मुरतं

या पठारावर नदी एका गावात दिसते
आणि दुसऱ्या गावी पोचतच नाही.
मध्येच कड्याखाली वाकते,
बुटक्या दारातून डोकं सांभाळत आत जावं तशी,
आणि गेली.

वर उरतो चुनखडक,
खळग्यांतली लाल माती, त्यात ओळभर बटाटे,
आणि बुर्या. वारा आहे तो,
पण इथे त्याचं नाव माणसासारखं घेतात,
आणि त्याच्या धाकाने कौलांवर धोंडे ठेवतात.

लुद्विक म्हणतो, हा डोंगर आतून भाकरीसारखा आहे,
सगळी भोकं.
थेंबे थेंबे तळं साचत असेल दुसरीकडे,
इथे थेंबे थेंबे डोंगर गेला.
पाऊस मातीतून जाताना किंचित आंबट होतो,
जिभेला कळणारही नाही इतका,
दगडाला मात्र कळतो.

ऑक्टोबरात आम्ही दोराने खाली उतरलो, एकशे बारा मीटर.
पहिल्या तीसात नेचे, मग शेवाळ,
मग नुसता आपल्याच श्वासाचा धूर.
तळाशी नदी पुन्हा भेटली, काळी, घाईत.
यर्नेयने पिशवी फोडली.
भुकटी विटकरी होती,
पाण्याला लागताच हिरवीगार झाली,
इतकी की मला हसू आलं,
आणि ते हसू वर कुठेतरी आदळून
बऱ्याच वेळाने परत आलं.

मग वाट पाहायची.
सात झरे, सात माणसं, दर चार तासांनी एक बाटली.
नकाशा सांगत होता, पाणी उत्तरेच्या मोठ्या झऱ्याला निघेल.
तिथे यंत्र, तिथे तंबू, तिथे यर्नेय.
मला दिला सगळ्यात बारका झरा,
मिलोय्काच्या परसामागचा,
जिथे काही येणार नव्हतं.

मिलोय्का ऐंशीची.
घरात नळ आहे, तरी रोज पहाटे
निळा डबा घेऊन झऱ्यावर येते.
गाव हसतं. सून चिडते.
मला तिने पहिल्या दिवशी विचारलं,
रंग कुठे टाकलात?
मी विवराचं नाव सांगितलं.
तिने डबा खाली ठेवला.
पुन्हा उचलला. काही बोलली नाही.

त्या विवराबद्दल इथे कोणीच बोलत नाही.
लढाई संपली त्या वसंतात
रात्री ट्रक आले होते म्हणे तिथवर.
म्हणे, एवढंच.
पुढचं वाक्य प्रत्येक घरात
जमिनीखाली जातं.

आठ दिवस बाटल्या स्वच्छ.
उत्तरेला यर्नेयच्याही स्वच्छ.
लुद्विक नकाशावर बोट फिरवत म्हणाला,
पाणी कुठेतरी मुरतंय.

नवव्या पहाटे बुर्या पडला होता.
तीन चाळीसला मी बॅटरी पाण्यावर धरली
आणि ते हिरवं होतं.
दगडाच्या ओठातून,
कोवळ्या गव्हाच्या रंगाचं, सावकाश.

मिलोय्का मागे उभी होती, कधीपासून कोण जाणे.
म्हणाली, आई सांगायची,
बाबा इथून येतात.
मी सहा वर्षांची होते. मला वाटायचं
ते एखाद्या सकाळी टोपी घालून बाहेर निघतील.
मग मोठी झाले, समजलं आई काय म्हणत होती.
तरी नळाचं पाणी मला गेलं नाही कधी.

तिने विचारलं, हा रंग बाधतो का?
नाही, मी म्हटलं.
मग तिने वाकून डबा बुडवला.
भरताना त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला,
भरलेल्या डब्याचा होतो तसा.

वहीत मी लिहिलं:
झरा क्रमांक सात. तीन चाळीस. नऊ अंश. हिरवा, स्पष्ट.
शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
पेन्सिल धरून बराच वेळ बसले.
मग लिहिलं, वारा नाही.