तिसरी जागा

वडगावात माग थांबले की साडेअकराला
मी हेडफोन चढवतो; कानात खटखट चालूच असते.

पहिल्या रात्री चुकूनच शिरलो यांच्यात.
गोळी लागून पडलो,
तर धुरातून कोणीतरी रांगत आला:
"एळो मावा, एळो!"
कन्नड तेवढंच कळलं. उठलो.

तो गोकाकचा विरुपाक्ष.
निपाणीची तहसीन वखारीच्या गच्चीवर रेंज धरून बसते,
मरताना शिव्या मात्र मराठीत देते.

दिवाळीपासून विरुपाक्षचा ठिपका करडाच.
नंबर कुणी घेतलाच नव्हता.

नवी पोरं विचारतात, येऊ काय?
तहसीन म्हणते, भरलंय की.
मग आम्ही दोघंच उतरतो,
पहिल्याच घरात सापडलेली
त्याच्या आवडीची बंदूक
पाठीवर जास्तीची घेऊन.