चौथीची खूण

वरणगावात फॅक्टरीचा भोंगा झाला
की दहा मिनिटांत माझी खुर्ची भरते.
सुपडू भंगाळे मात्र गर्दी ओसरल्यावर यायचे,
टेस्ट रेंजवरचे, डावखुरे,
एका दाढीत दोन वाक्यं बोलणारे.

नवी कार्बाईन येतेय तपासायला,
एवढंच एकदा म्हणाले, तेही आरशाला.
बाकीचं मी त्यांच्या अंगावर वाचलं.

पहिलीनं खांदा केला भाजलेल्या वांग्यासारखा.
'दस्ता हलका केला रे भो,
साहेबांना वजन कमी पाहिजे.
वजन जाईल कुठं? इथं आलं.'
टॉवेलची गाठ मी दुसऱ्या बाजूला मारली.

दुसरीची नळी चार बोटं कापलेली,
जीपमधून उतरताना दाराला अडकू नये म्हणून.
नळी आखूड झाली की जाळ बाहेर येऊन जळतो,
आवाजही तिथंच फुटतो, तोंडापाशी.
तो महिनाभर मी कानाजवळ कात्री वाजवायचो
आणि ते विचारायचे, सुरू केलं का?

तिसरीचं मला धड माहीत नाही.
मी मेहुण्याच्या लग्नाला रावेरला होतो आठ दिवस.
परत आलो तर त्यांच्या उजव्या तळव्याला फोड.
मे महिना, पारा सत्तेचाळीसवर,
नळीखालचं प्लास्टिक गुळासारखं बोटांना आलं म्हणे.
ते ठरवणारा इंजिनिअर थंड मुलखातला.
'पोरगा चांगला आहे. चुकलं की वहीत लिहितो.'

चौथीत मॅगझिन चापाच्या मागं नेलं:
नळी लांब, बंदूक आखूड,
कागदावर फार देखणी असणार.
फक्त रिकामं काडतूस उजवीकडे उडायचं
आणि डावखुऱ्याचा गाल नेमका तिथं.
तापलेलं पितळ. नखाएवढी कोर उमटली.
मी तुरटी फिरवली, माणूस हलला नाही.
'आता लिहील तो वहीत.'

पाचवी आली तेव्हा गणपती बसलेले.
खांदा बरा, कान बरे, हात कोरडे.
मी गाल वळवून वळवून बघितला, नवं काही नाही.
काडतुसं आता खाली पडत होती, बुटापाशी,
कणसातून दाणे गळावेत तशी.
त्या दिवशी मिशीला तेल मागितलं त्यांनी
आणि न विचारता आपल्या नावाचं सांगितलं:
आधीची चार गेली,
म्हणून आईनं सुपात घालून अंगणभर ओढलं.
'मी पाचवा.'

मग दिल्लीचा कागद.
गोळीचं मापच बदलायचं ठरलं,
जुन्या मापाची कार्बाईन ठेवून करायचं काय?
पाचही तोडा, वितळवा, यादीवर सही घ्या.
गॅसची ज्योत त्यांच्याच हातात दिली.
कुठली आधी तोडली, मी विचारलं नाही.
संध्याकाळी आले ते भुवया करपवून,
अंगाला जळक्या पिसांचा वास.
मी फणीनं काळं झाडून काढलं.
महिन्याभरात भुवया पहिल्यासारख्या.

अजून येतात, काठी दाराला टेकवून.
डाव्या गालावर वस्तरा आला की
माझा हात आपोआप वळसा घेतो.
तेवढ्या कोरीवर केस उगवत नाहीत.